थोरलीचा दाखला

सोमवारी सकाळी आत्या काठावर आली, तर थोरलीच्या गालावर कोणीतरी लाल रंगाने शिवी लिहून ठेवलेली.

शिवी एकाच शब्दाची होती. बेवारस. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'शुक्रवारपर्यंत नोंदणी न झाल्यास मोडीत.'

आत्याने फडकं ओलं करून पुसून पाहिलं. मग नखाने खरवडून पाहिलं. रंग ढिम्म हलला नाही. सरकारी कामात एवढं पक्कं काम तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

थोरली म्हणजे होडी. आत्याचा बाप होड्या बांधणारा सुतार, आणि सुतारकाम नसेल तेव्हा नावाडी. दुसऱ्यांसाठी त्याने चिक्कार होड्या बांधल्या, स्वतःसाठी एकच. ती पाण्यात उतरली आणि पुढच्याच वर्षी घरात मुलगी झाली. होडी आधीची म्हणून ती थोरली, मुलगी नंतरची म्हणून ती धाकटी. आता थोरली बासष्टची होती आणि धाकटी एकसष्टची. बाप केव्हाच वर गेला, पण दोघींची ये-जा चालूच होती. या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर. दोन्ही काठांची पोरं तिला आत्या म्हणत मोठी झाली, आणि त्यांची पोरंही आत्याच म्हणत.

लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं की आत्या म्हणायची, "मला बघायला आलेले सगळे पलीकडच्या काठाचे होते. प्रत्येकाला मीच परत सोडून आले."

पण आज तो शब्द वाचून ती खालीच बसली. बेवारस. होडीला म्हणाले की आपल्याला, हे तिला कळेना.

"तुला नोटीस वाचून दाखवली होती ना मी?" भाची म्हणाली. भाची म्हणजे भावाची मुलगी. झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या दाखल्यांच्या नकला काढून काढून तिची पक्की समजूत झाली होती की माणूस खरा असून भागत नाही, त्याची प्रत निघाली पाहिजे. "दोन महिन्यांपूर्वी. याच खुंट्याला लावली होती."

"ती बेवारस होड्यांसाठी होती. हिला मी आहे की."

"कागदावर आहेस का?"

आत्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं नदीला कोणी विचारावं की ओली असल्याचा दाखला आहे का.

शेवटी भाचीने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि आत्याला हाताला धरून नेलं. कार्यालय धक्क्यासमोरच, पण दुसऱ्या मजल्यावर. पाण्यावर तासन्‌तास वल्ही मारणारी आत्या जिन्यात दोनदा टेकली. "कोरड्यात दम लागतो गं मला," म्हणाली.

नोंदणीच्या टेबलामागे कारकून होता. कृश माणूस, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. समोर तीन शिक्के, मऊ पॅडवर तीन तान्ह्या बाळांसारखे निजवलेले.

"नाव?" मान वर न करता त्याने विचारलं.

"धक्क्याला बांधलीय," आत्या म्हणाली.

"तुमचं नाव, मावशी."

"माझीच. म्हणून तर जिना चढून आले. आणि मी कोणाची मावशी नाही, आत्या आहे."

कारकुनाने मान वर केली. "बरं, आत्या. नावेचं नाव काय?"

"थोरली."

"कोणाच्या नावावर?"

"कोण?"

"नाव!"

"नाव पाण्यावर असते, दादा. नावावर तरंगेल कशी?"

भाचीने टेबलाखालून आत्याचा पाय दाबला आणि स्वतः पुढे झाली. पण पुढे होऊन उपयोग नव्हता, कारण कारकुनाच्या यादीतलं एकही उत्तर तिच्याकडेही नव्हतं.

"खरेदीचं बिल?"

"बापाने लेकीला बिल फाडायचं असतं का?" आत्या म्हणाली.

"जुना परवाना?"

"तेव्हा नदी कोणाला परवाना विचारत नव्हती."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे बघा, आत्या. निदान एखादा जुना सरकारी कागद आणा. कसलाही चालेल. फक्त त्यात या होडीचा उल्लेख पाहिजे. ही तुमच्या घरातली आहे, एवढं तरी दिसू दे."

"दिसतेच आहे की. ती काय खिडकीतून."

कारकुनाने खिडकीतून पाहिलं. खाली थोरली दोराला हेलकावत होती, गालावर लाल शिवी घेऊन. तो बराच वेळ पाहत राहिला.

"दिसते," तो म्हणाला. "पण कागदावर दिसत नाही."

घरी आल्यावर भाचीने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आजोबांची. पेटीत वर गंजके खिळे, त्याखाली तुटका रंधा, त्याखाली एक सुपारीएवढी डांबराची गोळी, आणि तळाशी कागद. कागद पाहताच भाचीचे डोळे लकाकले, जसे मासा पाहून बगळ्याचे.

पहिला कागद शाळेचा होता. तिने मोठ्याने वाचला. "आपली ज्येष्ठ कन्या थोरली ही सहा वर्षांची होऊनही शाळेत सतत गैरहजर असते. कारण कळवावे." तिने कागद खाली केला. "आत्या, ज्येष्ठ कन्या कोण?"

"मागे वाच," आत्या म्हणाली.

मागे पेन्सिलने आजोबांचं उत्तर होतं. 'रोज येते. वीस मुलं घेऊन येते. आत घेत नाहीत म्हणून बाहेर बसते.'

भाचीला हसू आवरेना. दुसरा कागद लस टोचण्याच्या नोंदीचा होता. त्यावरही थोरली. त्यावर शेरा, 'पालकांचा नकार.'

"टोचणारी बाई काठापर्यंत आली होती म्हणे सुई घेऊन," आत्या म्हणाली. "बाप म्हणाला, बाई, टोचू नका, पाणी शिरेल."

"पण हे सुरू कुठून झालं?"

आत्याने पेटीतला सगळ्यात खालचा, चार घड्यांचा कागद काढून दिला. तो शिरगणतीचा होता, कुटुंबपत्रकाचा. आत्या तेव्हा पाळण्यात होती; पण गोष्ट तिने बापाकडून इतक्यांदा ऐकली होती की तिला आठवतच होती.

शिरगणतीवाला आला तेव्हा बाप वल्ह्यावर होता. होडीत माणसं बसलेली. बाप म्हणाला, थांबायला सवड नाही, विचारायचं ते चला पलीकडे जाता जाता विचारा. शिरगणतीवाला बसला. त्याला पाण्याची भीती. त्याने डोळे कागदावर रोवले आणि पलीकडचा काठ येईपर्यंत वर काढले नाहीत. घरात मुली किती? बाप म्हणाला, दोन, थोरली नि धाकटी. थोरलीचं वय? एक. सध्या मुक्काम? पाण्यावर. रंग? सागवानी. काम काय करते? माणसांची ने-आण. ओळखीची खूण? बापाने एका हाताने वल्हं धरलं, दुसऱ्या हाताने कडेला थाप मारली आणि म्हणाला, ही इथे, उजव्या कुशीवर, डोळ्यासारखी गाठ.

शिरगणतीवाल्याने सगळं लिहिलं. त्या काळी माणसं लिहायला सांगितलेलं लिहीत. शेवटी 'इतर शेरा' या रकान्यात त्याने स्वतःच्या मनाने दोनच शब्द टाकले होते. 'पाणी फार.'

"बापाने खोटं सांगितलं नाही हं," आत्या म्हणाली. "त्याच्या हिशेबी दोनच होत्या मुली. गाणंही होतं त्याचं, वल्ह्यावर म्हणायचा." आणि तिने ते तिथल्या तिथे, गंजक्या खिळ्यांसमोर, हलक्या आवाजात म्हटलं.

*थोरली गं पाण्यावर, धाकटी गं पाळण्यात*
*दोघींना गं झोका एक, बापाच्या दोन्ही हातांत*

भाची डोळे पुसत होती. हसल्यामुळे की कशामुळे, तिचं तिला माहीत. मग एकदम तिचा हात थांबला. "आत्या," ती म्हणाली, "हा सरकारी कागद आहे."

मंगळवारी कारकुनाने तो कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"आत्या, अहो, ही तुमची बहीण आहे."

"मोठी," आत्या म्हणाली.

"मग पंचाईत झाली. तुम्ही होडीची मालकी मागताय. बहिणीवर मालकी हक्क लागत नाही. नियमात बसत नाही."

"बसत कशी नाही? बारा माणसं बसतात."

"ती होडीत, आत्या. मी नियमाचं म्हणतोय."

"तुमच्या नियमाची बांधणीच अरुंद, त्याला मी काय करू?"

इथे भाची मध्ये पडली. झेरॉक्सच्या दुकानात वर्षानुवर्षं रांगा ऐकून तिला एक गोष्ट कळली होती. कारकुनाशी भांडायचं नसतं, त्याचाच कागद त्याच्यासमोर ठेवायचा असतो. "काका," ती म्हणाली, "मालकी राहू दे बाजूला. तुम्ही तिच्या अंगावर बेवारस लिहिलंत. आणि सरकारच्याच कागदात तिची सख्खी बहीण आहे. ही काय, तुमच्यासमोर उभी आहे, जिना चढून, दोनदा. मग बेवारस कशी?"

कारकुनाचं पेन हवेतच राहिलं. त्याने आत्याकडे पाहिलं, खिडकीतून थोरलीकडे पाहिलं, पुन्हा आत्याकडे पाहिलं. मग कागद दोन्ही हातांवर घेऊन, तान्हं मूल न्यावं तसा, आतल्या खोलीत गेला.

आत मोठ्या मॅडम होत्या. त्यांचा आवाज दाराबाहेर येत होता. "म्हणजे ती बाई आहे की होडी?" कारकुनाचं उत्तर ऐकू आलं नाही. मग पुन्हा मॅडम. "बाई असेल तर हजर करा. होडी असेल तर खूण पटवा. गुरुवारी दुपारी मी स्वतः येते."

कारकून बाहेर आला आणि कुजबुजला, "आत्या, ती गाठ आहे ना नक्की?"

"बापाने दाखवलीय म्हणजे आहे."

हे आत्या बोलली खरं, पण बुधवारी दिवसभर ती गप्प होती. माणसं चढली, उतरली, कोणाला टोमणा नाही, कोणाची चौकशी नाही. संध्याकाळी तिने भाचीला सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी पूर आला, तेव्हा थोरली दगडांवर आपटली होती. तीन फळ्या बदलाव्या लागल्या. कुठल्या बाजूच्या, आठवत नाही. बाकी अंगावर दरवर्षीचं डांबर, थरावर थर. गाठ शेवटची कधी पाहिली, तेही आठवत नाही.

"गाठ त्या फळ्यांत गेली असेल तर?" भाचीने विचारलं.

"तर मग," आत्या म्हणाली, "शिवी खरी." आणि दोर सोडवायला वाकली, जो आधीच सुटलेला होता.

गुरुवारी मॅडम आल्या. चकचकीत बूट, काखेत फाइल, आणि पाण्यापासून दहा पावलांवर उभ्या. त्यांनाही पाण्याची भीती होती. शिरगणतीवाल्याचं खातं जणू त्यांच्याकडे आलं होतं. कारकूनही आला होता, बाह्या सरसावून. आज त्याच्या हातात पेनाऐवजी खरवडणी होती. थोरलीला काठावर अर्धी ओढून घेतली होती.

"उजवी बाजू," मॅडमनी फाइल पाहून सांगितलं. "होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहा. उजवा हात ती उजवी बाजू."

खरवडायला सुरुवात झाली. आत्या, भाची, कारकून, तिघंही गुडघ्यांवर. डांबराच्या खपल्या पडत होत्या. वरचा थर यंदाचा, खालचा गेल्या वर्षीचा, त्याखाली ज्या वर्षी भाचीचं बारसं झालं त्या वर्षीचा, त्याखाली बापाच्या हातचा. तो ओळखू आला, कारण त्यात त्याच्या ब्रशाचा एक केस अडकला होता. आत्याने तो केस हळूच काढून मुठीत ठेवला. मग लाकूड लागलं. सरळ, गुळगुळीत, सज्जन लाकूड. गाठ म्हणाल तर एकही नाही.

नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सगळी कूस उघडी झाली. गाठ नाही.

"खूण पटत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या कठोरपणे बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. फाइल मिटली.

"मॅडम, अजून थोडं खालच्या बाजूला..." कारकून म्हणाला. त्याच्या नाकाला डांबर लागलं होतं.

"नाही हो. उजवी म्हणजे उजवी."

आत्या उठली. गुडघे दुखत होते. दमलेला माणूस आपल्या घरात जाऊन आपल्या जागी बसतो, तशी ती थोरलीत चढली आणि आपल्या फळीवर बसली. सवयीने दोन्ही हात वल्ह्यांवर गेले. होडी अर्धी जमिनीवर, तरी गेले. तिने एकदा काठाकडे पाहिलं, एकदा नदीकडे. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

आणि हसायला लागली. एवढ्या जोरात की धक्क्यावरचे बगळे उडाले.

"आत्या, बरं वाटत नाहीये का तुला?" भाची घाबरली.

"अगं बये, मी बसलेय कशी बघ! नाळेकडे तोंड करून नव्हे, पाठ करून! वल्हवणारा नेहमी पाठमोराच जातो. जायचंय तिकडे पाठ, निघालो तिकडे तोंड. बाप वल्ह्यावर होता गं तेव्हा. त्याने आपल्या उजव्या हाताने थाप मारली. त्याची उजवी ती थोरलीची डावी!"

कारकून क्षणभर स्वतःचे दोन हात उलटेपालटे करून पाहत राहिला. मग त्याने खरवडणी उचलली आणि धावतच दुसऱ्या बाजूला गेला.

आत्या जागची हलली नाही. तिने उजवा हात कडेवरून बाहेर टाकला, बापाने टाकला असेल तसा, आणि बाहेरच्या अंगाला थाप मारली. "इथे बघ," म्हणाली. कारकुनाने तिथे खरवडलं. एक थर. दोन थर. लाल अक्षरांपासून वीतभर अंतरावर.

डांबर फुटलं, आणि आतून एक डोळा त्याच्याकडे पाहू लागला.

वाटोळी, काळसर गाठ, भोवती वर्तुळावर वर्तुळ, पापणीसारखं वरून एक वळण. कित्येक वर्षं डांबराखाली मिटून होता आणि आत्ता कोणीतरी हाक मारली म्हणून उघडला, असा.

"मॅडम!" कारकून ओरडला. "बाई सापडल्या!"

मॅडमना जवळ यावं लागलं. बूट चिखलात रुतला, एक तिथेच राहिला. त्यांनी वाकून पाहिलं, मग बोट ठेवून पाहिलं. बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"ही बघते आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"लहानपणापासून तशीच आहे," आत्या म्हणाली. "भोचक."

मग मॅडमनी फाइल थोरलीच्या कडेवर ठेवली आणि उभ्याउभ्याच लिहिलं. सदर थोरली प्रत्यक्ष पाहिली. खूण पटली. हयात आहे. वारस, सख्खी धाकटी बहीण. बेवारस नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि 'इतर शेरा' या रकान्यात दोन शब्द जोडले. ते काय होते ते भाचीने पुढे दाखल्याची प्रत काढताना वाचलं. 'पाणी फार.'

दाखला शुक्रवारी सकाळी मिळाला. कारकून स्वतः तो घेऊन खाली उतरला. "जिना चढू नका," म्हणाला. "दोघी ज्येष्ठ नागरिक आहात. साठ वर्षांपुढच्यांना रांग नाही." मग जरा घुटमळला. "एकच राहिलंय, आत्या. वारसाची सही झाली. पण या फॉर्मवर खाली थोरलीचा अंगठा लागतो. माणसांचा फॉर्म आहे ना."

आत्याने शिक्क्याचं पॅड मागून घेतलं. थोरलीच्या नाळेच्या टोकावर शाई लावली आणि कागद त्यावर हलकेच टेकवला. निळा, जाड, आडवा ठसा उमटला, लाकडाच्या रेषांसकट. कारकुनाने तो उजेडात धरून पाहिला.

"सुवाच्य आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

पलीकडच्या काठावर माणसं खोळंबली होती, हाका मारत होती. निघण्याआधी आत्याने डांबराचा डबा आणि ब्रश काढला. आता ती लाल शिवी एकदाची बुजवायची. भाची फळीवर बसून पाहत होती. आत्याने ब्रश डब्यात बुडवला, पहिल्या अक्षरावर एक जाड फटकारा मारला, मात्रेसकट 'बे' काळा करून टाकला. मग ब्रश तसाच धरून थांबली.

उरलेली तीन अक्षरं लाल होती आणि ठसठशीत होती.

तिने ती वाचली. पुन्हा वाचली. मग ब्रश झटकला, डब्यावर झाकण दाबलं आणि वल्ह्यांवर येऊन बसली, काठाकडे तोंड करून, जायचं तिकडे पाठ करून.

"बाकीचं नाही बुजवत?" भाचीने विचारलं.

"डांबर संपत आलंय," आत्या म्हणाली. "एका अक्षरापुरतंच होतं."

डबा काठोकाठ भरलेला होता. भाचीने तो पायाने हळूच फळीखाली सरकवला, आणि दोर सोडला.